पोटखराब वर्ग ‘अ’: गोठ्याचा इतिहास घरच्या घरी

गोठ्याचा इतिहास शोधायला लागणारं साहित्य: बरा टॉर्च एक, तारेचा ब्रश एक, पन्नास फुटी टेप, पंधरा रुपये, चहापत्तीचा अर्ध्या किलोचा पुडा, खराब झाले तरी चालतील असे कपडे आणि एक खोटं कारण. बाकीचं सगळं तालुक्याला मिळतं. खोटं कारण मात्र घरून निघतानाच बरोबर घ्यावं.

मी ते विसरलो होतो. मळ्यात जाऊन मी नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, सरळच विचारलं, ‘नाना, हा गोठा बांधला कधी?’ नानांनी हातातली कडब्याची पेंढी खाली ठेवली. ‘वकील कोण धरलायस?’ ते म्हणाले. दिवस मावळायच्या आत भावकीत बातमी पोचली की पुण्याचा वाटणी मागायला आलाय. रात्री चुलतभावाचा फोन. ‘दादा, मनात काय असंल ते सरळ बोल, उगा गोठ्याचं निमित्त कशाला?’

तेव्हा नवशिक्यांनी ‘मुलाच्या शाळेचा प्रकल्प आहे’ असं सांगावं. शाळेच्या प्रकल्पाला कोर्टात किंमत नाही हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मुलगा इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेला असला तरी हे कारण चालून जातं, कारण भावकीतली मुलं कितवीला आहेत हे कुणालाच कधी आठवत नाही.

आमचा गोठा सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात, गावठाणापासून कोसभर लांब मळ्यात आहे. पाच खणांचा. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी तुळया आणि मंगलोरी कौलं. घरात या गोठ्याची एकच कथा चालते आणि ती प्रत्येक लग्नात व्याह्यांना ऐकवली जाते: आमच्या आजोबांनी स्वतःच्या घराला बाभळीची लाकडं वापरली आणि बैलांना सागवानी गोठा बांधला. कथा चांगली आहे. तिच्यावर आमच्या दोन-तीन सोयरिकी जुळलेल्या आहेत.

पायरी पहिली: सातबारा

पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर येतो. नवशिका तो उघडतो आणि त्यात ‘गोठा’ हा शब्द शोधू लागतो. विहीर सापडते, कुठल्या सोसायटीचा बोजा चढला नि उतरला ते सापडतं. गोठा सापडत नाही. घाबरू नये. डाव्या बाजूला, लागवडीच्या क्षेत्राखाली, ‘पोटखराब’ असं लिहिलेलं असतं आणि त्यात ‘वर्ग अ’. त्याच्यापुढे दोन-तीन गुंठ्यांचा एक आकडा दिसेल. आपला गोठा त्या आकड्यात उभा आहे. महसुलाच्या नियमात पोटखराब वर्ग ‘अ’ म्हणजे मोजणीच्या वेळी लागवडीला नालायक ठरलेली जमीन, आणि खातेदाराच्या शेतातल्या इमारती आणि खळी त्याच वर्गात धरलेली आहेत. ज्या वास्तूवर आमच्या घराण्याची ऐट उभी आहे ती सरकारदरबारी खडकाळ तुकड्याच्या पंगतीला बसवलेली आहे. हे मी नानांना सांगितलं नाही. तुम्हीही आपापल्या नानांना सांगू नये.

दुसरी सूचना. आजचा गट नंबर घेऊन जुन्या कागदात शिरू नये. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, त्याखाली पुढे गावोगाव जमिनी एकत्र केल्या गेल्या आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. तेव्हा आधी आपल्या गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता ते काढावं, नाहीतर माणूस भलत्याच्याच पणजोबांबद्दल हळवा होऊन बसतो. मी तीन दिवस बसलो होतो. ते पणजोबा फार कर्तबगार निघाले. चौथ्या दिवशी ते आमचे नाहीत असं कळलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं.

हे सगळं विचारायला तलाठी कार्यालयात जावं लागतं. तलाठ्यांना २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात. हाक मात्र ‘भाऊसाहेब’ अशीच मारावी, नव्या पदनामाने मारलेल्या हाकेला अजून कुणी वळून बघत नाही.

पायरी दुसरी: फेरफार

सातबारा सांगतो की आज मालक कोण. तो मालक कसा झाला, हे फेरफाराच्या वहीत असतं. तिची भाषा मराठीच आहे, फक्त ती मराठी लोकांसाठी लिहिलेली नाही.

आमच्या आजोबांच्या नावामागे मला ‘अज्ञान’ असा शब्द दिसला तेव्हा मी चिडलो. ज्या माणसाने बैलांना सागवान वापरलं त्याला कोणत्या कारकुनाने अडाणी ठरवावं? नंतर कळलं, अज्ञान म्हणजे वयात न आलेला वारस. त्याच्यापुढचं ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, इथे त्यांची आई. ‘ए.कु.मॅ.’ हा परदेशी सावकार नव्हे, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा, आणि बाई असेल तर अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. जुन्या कागदात बाईला ‘कोम’चा हात धरल्याशिवाय पानावर येता येत नाही.

आणखी एक. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला १९०३ साली. आपला गोठा त्याच्याआधीचा असेल तर फेरफाराच्या वहीत त्याचा जन्म मिळणार नाही. तिथे मिळतात ती फक्त पुढची मरणं.

आजोबा वारले त्या सालचा फेरफार मी वाचला. वारस मुलगे दोन, मुलगी एक. त्याच्यापुढची नोंद: मुलीने राजीखुशीने हक्क सोडला. खाली डाव्या हाताचा अंगठा. ती मुलगी म्हणजे माझी आत्ती. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ती चौथी पास झाल्याची नोंद मी स्वतः बघितलेली आहे. आत्तीला सही येते. पोथी वाचते, पेपरातलं राशिभविष्य वाचते, बँकेच्या पासबुकावर वळणदार सही करते.

नवशिक्याने अशा नोंदीपाशी फार वेळ थांबू नये. भाऊसाहेबांना जेवायला जायचं असतं.

पायरी तिसरी: मोडी

काही झालं तरी एक दिवस चुलतीची पत्र्याची ट्रंक उघडतेच आणि तिच्यातून लाल फडक्यातला एक रुमाल निघतो. आत पिवळे, कडा खाल्लेले कागद, आणि त्यांच्यावर मोडी. पानभर आधी आडव्या रेघा मारून घेतलेल्या आणि त्यांना सगळी अक्षरं एकमेकांचा हात धरून लोंबत असलेली. शब्द कुठे संपला ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक. असा कागद हातात आला की नवशिक्याच्या छातीत धडधड सुरू होते: सनद असणार, इनाम असणार, गेला बाजार महाराजांचं पत्र असणार.

धीर धरावा. मोडी वाचणारा माणूस आधी शोधावा. पूर्वी तो सापडत नसे म्हणून त्रास. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, कार्यालयाकार्यालयांतून जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडीवाचकाला आंब्याच्या मोसमातल्या पेटीसारखा भाव आला. मला जे गृहस्थ मिळाले ते निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला, आणि मी श्वास रोखून बसलेलो असताना वाचायला सुरुवात केली. मीठ दोन पायली. मिरची. सुताराला बलुतं देणं बाकी. घोंगडं एक, शेजाऱ्याने नेलं, परत केलं नाही.

‘आणि गोठा?’ मी विचारलं.

‘घोंगडं पुढच्या पानावरही परत आलेलं नाही,’ ते म्हणाले.

कागद का मिळत नाहीत याचीही थोडी कल्पना असलेली बरी. वाळवी आहे, रद्दी आहे, पाऊस आहे. शिवाय पूर्वज. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी आधी काय मागितलं तर खतं आणि दस्त, आणि हाती आल्यावर ते जाळले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत किती गावांत हेच झालं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत होते, त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, वाईला मिळालेल्या कागदांचा. म्हणजे एका पिढीने कागद जाळून सुटकेचा श्वास सोडला आणि जेमतेम वीस-पंचवीस वर्षांत दुसरा माणूस कागदासाठी दारोदार फिरू लागला. पहिल्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. माझ्याकडेही एका पतसंस्थेचे काही कागद आहेत.

याच पायरीत हेळव्याचा उल्लेख करतो, कारण तो लिखित आणि तोंडी यांच्या मधला आहे. आमच्या भागात अजून बैल घेऊन हेळवी येतो, दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, नव्या जन्मांची नोंद करून घेतो आणि धान्य-कापड घेऊन जातो. त्याला मी गोठ्याचं विचारलं. तो म्हणाला, ‘माणसं विचारा मालक, जनावरं मी लिहीत न्हाय.’

पायरी चौथी: गोठ्यात प्रत्यक्ष शिरणे

ही पायरी खरं म्हणजे पहिली असायला हवी होती. पण कोणत्याही मार्गदर्शकात वासाची गोष्ट शेवटी सांगतात.

जनावरं बाहेर सोडली असताना आत जावं. आधी वर बघावं. मंगलोरी कौल असेल तर एखादं सुटलेलं खाली घेऊन ब्रशने घासावं, पाठीवर कारखान्याचं नाव निघतं. इथे नवशिक्यांचा एक ठरलेला घात आहे. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ असं साल सापडतं आणि लोक गोठा १८६५ चा म्हणून भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळे होतात. १८६५ हे मिशनने मंगळूरला कारखाना काढला ते साल. आपण हॉटेलच्या पाटीवर ‘स्थापना’ वाचून आतली भजी त्या सालची समजत नाही, तसंच हे. आमच्या कौलावर ‘कॉमनवेल्थ’ निघालं. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने इंग्रज सरकारने ताब्यात घेतले आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे आमची कौलं १९२० च्या अलीकडची. तेव्हा आजोबा ऐन उमेदीत यायचे होते. नानांची कथा इथपर्यंत शाबूत राहिली आणि मला बरं वाटलं.

दारावर आडवा टाकलेला लोखंडी रूळ होता. त्यानेही फार उत्साह येतो, कारण रुळाच्या अंगावर विलायती कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. पण आमच्या भागातून जाणारा पुणे-मिरज रेल्वेमार्ग आधी मीटरगेज होता आणि १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. त्यानंतर भंगारातले रूळ कुणाकुणाच्या दारावर जाऊन बसले ते मोजायला रेल्वेलाही जमणार नाही. रुळावरचं साल रुळाचं, दाराचं नव्हे.

मग खाली बघावं. आमच्या गोठ्याची पायरी म्हणजे एक लांबट दगड आहे, मधे खुरांनी झिजून बशीसारखा झालेला. ब्रशने शेण काढलं तर कडेला छोटी छोटी चित्रं. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि त्याच्यामागे एका ओळीत गाई. वरच्या चौकटीत लढाई, त्याच्यावर त्याला उचलून नेणाऱ्या दोन बायका, सगळ्यात वर पिंड आणि चंद्रसूर्य. वीरगळ. गाई वाचवताना पडलेल्या कुणाचा तरी. तो मूळचा कुठला, आमच्या कुणी आणून पायरीला लावला, काही सांगता येत नाही. सात-आठशे वर्षांपूर्वी गाईंसाठी मेलेला माणूस गेली शंभर वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ गाईंच्या खुरांखाली आहे. त्याची काही तक्रार असेल असं मला त्याच्याकडे बघून वाटलं नाही.

एवढं झाल्यावर मी निघणार होतो. टॉर्च भिंतीवरून सहज फिरला आणि आतल्या खणात, पूर्वेच्या भिंतीला, छातीच्या उंचीवर कोनाडा दिसला. दिव्याचा असेल म्हणून पुढे गेलो, तर त्याच्याखाली आणखी एक, मोठा, वर कमान काढलेला. बैलाला एकवेळ दिवा लागेल. देवळी कशाला लागावी? मग मी खाली बसलो आणि म्हशीच्या खुंट्याजवळचं शेण बाजूला केलं. जमिनीत पुरलेलं काळ्या दगडाचं उखळ. आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. कड काचेसारखी गुळगुळीत. उखळ असं गुळगुळीत व्हायला एक बाई रोज कांडत असली तरी बरीच वर्षं लागतात. गोठ्यात कुणी कांडत नाही.

पायरी पाचवी: आत्ती

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नये. शाळेचा दाखलाही पुढे करू नये. जुन्या गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला लावून दिलेला आहे, त्यात आमचे आजोबाही येतात. प्रश्न विचारायचा तो असा: पिलेगाच्या आधी का नंतर? मानमोडीत का? मानमोडी म्हणजे १९१८ चा तो ताप. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, गोठा पडला होता का उभा? बहात्तरच्या दुष्काळात जनावरं कुठं बांधली होती? या खुंट्यांना धरून म्हातारी माणसं अंधारातही बरोबर चालतात.

चहापत्तीचा पुडा इथे द्यायचा. मी दिला. आत्तीने तो हुंगला, फळीवर ठेवला आणि म्हणाली, ‘हिस्सा पायजे व्हय तुला?’

‘नाही गं आत्ती. पोराच्या शाळेचं आहे.’

‘तुझा पोरगा नोकरीला लागलाय की रं.’

भावकीत एवढी एकच बाई मुलांच्या इयत्ता लक्षात ठेवते, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. मग मी उखळाचं विचारलं. आत्ती जरा वेळ काहीच बोलली नाही.

‘ती माझ्या आजीची,’ ती म्हणाली. ‘पिलेगात गाव उठला. उंदरं पडाय लागली की लोकं गाव सोडून रानात ऱ्हायला जायची. बाकीच्यांनी खोपटी घातली. आजा हट्टी. त्यो म्हणला, पुन्यांदा पुन्यांदा उठायला लागतंय तर एकदाच धड बांधू. गावातल्या घराची सागवानी लाकडं काढून नेली त्यानं रानात. धा-बारा वर्सं ऱ्हायली ती तिथंच. माझा बा तिथं झाला. त्या कोनाड्याखाली बाज व्हती.’

मी हिशेब घातला. प्लेग मुंबईत आला १८९६ ला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं आमच्या भागात येत-जात राहिला. कोतवाल बुकात, मोडीतच, आजोबांच्या जन्माची नोंद मोडीवाल्या मास्तरांनी मला काढून दिली होती: १९०७. नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं, अजून बारसं व्हायचं होतं. तारीख १ जून नव्हती.

तेव्हा आमच्या घराण्याची कथा अशी: ज्यांनी गोठा बांधला म्हणतात त्यांचा त्या गोठ्यात जन्म झाला. माणसं गावात परतली तेव्हा घरात सागवान उरलं नव्हतं, म्हणून तिथे बाभूळ लागली. आजोबांनी पुढे कौलं घातली आणि बैल आत नेले. बैलांसाठी सागवान वापरणारा माणूस आमच्यात झालाच नाही.

‘आत्ती, हे तू कधी सांगितलं नाहीस?’

‘इचारलं कुणी? अंगठ्याचं बी न्हाय इचारलं.’ आत्तीने दोन कपांत चहा गाळला. ‘नानाला सांग, मला हिस्सा नगो. निस्ती त्या उखळीपाशी म्हस बांधू नका म्हनावं.’

पायरी सहावी: निष्कर्ष कुटुंबाला कळवणे

शक्यतो कळवू नयेत.

मी कळवले. नानांनी प्लेगचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कोनाड्याचं ऐकलं, आजोबांच्या जन्माचं ऐकून ‘आसंल’ म्हणाले. उखळाचा निरोप सांगितल्यावर मात्र ते सावध झाले. ‘हिस्सा नगो म्हनली, आन् उखळ जपा म्हनली?’ त्यांनी चुलतभावाकडे बघितलं. चुलतभावाने गोठ्याकडे बघितलं. ‘खाली काय हाय मग?’

तिसऱ्या रात्री त्यांनी पहार लावून उखळ काढलं. मला हे चुलतभावानेच नंतर सांगितलं, जरा शरमून. दोन हात खाली गेले तेव्हा राख लागली, कोळसे लागले आणि मडक्याची थोडी खापरं. एक हंडी अख्खी निघते की काय म्हणून हाताने उकरलं, तर तोही तळच. मग दिवस उजाडायच्या आत माती परत ढकलली, उखळ जागेवर बसवलं, वरून शेणाने सारवलं, आणि नानांनी कुणाशी काही न बोलता म्हशीचा खुंटा उपटून पलीकडच्या खणात ठोकला.

मी परवा जाऊन बघून आलो. उखळ बसवताना पुढच्या बाजूला बोटभर तिरकं बसलंय. आत्ती बेंदराला येणार आहे.